विसरलेला आकडा

वीजपुरवठा कोसळण्याचा इतिहास सहसा बिघाडांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात बुडाला, त्या घटनेकडे आम्ही वळतो ते वेगळ्या कारणासाठी. तिच्या मुळाशी मोडतोड अशी नव्हतीच.

नायगाऱ्याच्या सर ॲडम बेक जलविद्युत केंद्रातून टोरांटोच्या दिशेने पाच वाहिन्या जात. त्यांपैकी एकीच्या संरक्षक रिलेला १९६३ मध्ये मर्यादा नेमून दिली होती : भार याहून वाढला तर वाहिनी तोडावी. पुढे मागणी वाढत गेली, आकडा मात्र तोच राहिला. केंद्र चालवणाऱ्यांना तो ठाऊकही नव्हता. ५ वाजून १६ मिनिटांनी भार त्या आकड्याला टेकला आणि रिलेने आज्ञा पाळली. तुटलेल्या वाहिनीचा भार उरलेल्या चौघींवर पडला. त्याही तीन सेकंदांच्या आत गेल्या. टोरांटोकडे निघालेली सुमारे १५०० मेगावॉट वीज उलटी फिरून न्यूयॉर्क राज्यात शिरली. सुमारे तीन कोटी लोक विजेविना राहिले, काही ठिकाणी तेरा तास.

'स्थैर्य' म्हटले की आपल्यासमोर अचलता उभी राहते. विद्युतशास्त्रात मात्र सारे फिरतच असते. शेकडो मैलांवरची जनित्रे एका लयीत फिरतात, आणि एकाचे चक्र दुसऱ्याच्या किती अंश पुढे आहे यावर त्यांच्यामधून किती वीज वाहते हे ठरते. धक्का बसला की हे अंतर वाढते. वाहिनीची ओढ त्यांना पुन्हा जवळ आणते. पण एका मर्यादेपलीकडे अंतर वाढले तरी ओढ वाढत नाही, उलट घटते, आणि मग फारकत टळत नाही. रशियन गणिती ल्यापुनोव्ह यांनी १८९२ च्या प्रबंधात याच जातीचा प्रश्न व्यापक रूपात मांडला होता : किंचित ढळलेली गती आपल्या मूळ मार्गाजवळ राहील का? अभियंते हा प्रश्न कागदावर आधी सोडवून पाहतात. नायगाऱ्याच्या गणितात मात्र १९६३ चा तो आकडा कोणी धरला नसावा, असे आमचे अनुमान आहे.

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी भारतातही जवळजवळ हेच घडले. दोन्ही दिवशी बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी दोष नसताना तुटली. वाढलेल्या भारालाच रिलेने दोष मानले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातली ग्रिड कोसळली, सुमारे साठ कोटी लोकवस्तीच्या प्रदेशात. पश्चिमेची ग्रिड तगली, म्हणून महाराष्ट्राला ही घटना मुख्यतः वर्तमानपत्रांतूनच कळली. (भारनियमनाला आपण इतक्या शिव्या दिल्या, पण ठरवून थोडा अंधार करणे हे स्थैर्य राखण्याचे एक जुने साधन आहे, हे कबूल करावे लागते.)

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिडही उरलेल्या देशाशी एका लयीत जोडली गेली. आता बीनाजवळच्या एखाद्या रिलेत कोणत्या वर्षाचा आकडा आहे, याच्याशी थेट तामिळनाडूतल्या जनित्रांचाही संबंध येतो.