मिनीच्या पोटातलं मोठं इंजिन

ब्रिटनमधल्या जुन्या मिनीचं बॉनेट उघडलं की हात घालायलाही जागा सापडत नाही. अवघी दहा फुटांची गाडी. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली, तेलाच्या टाकीतच. दोघांत तेल एकच. रेडिएटर समोर न ठेवता एका बाजूला सरकवलेला. अशा गाडीत आणखी मोठं इंजिन घालायचं कुणाच्या मनात तरी कसं आलं?

खरं म्हणजे मोठं इंजिन तिच्यात आधीच होतं. 1956 च्या सुएझ संकटात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि मिनी बनवणाऱ्या कंपनीने आपले अभियंते ॲलेक इसिगोनिस यांच्याकडे छोटी गाडी मागितली. अट एकच, इंजिन घरातलंच वापरायचं. पहिल्या नमुन्यांत 948 सीसीचं इंजिन होतं. ती गाडी ताशी 90 मैलांच्या पुढे पळाली. सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती एवढा वेग नको, म्हणून पिस्टनची धाव 76 मिलिमीटरवरून 68 वर आणली. 1959 मध्ये विक्रीला आली ती 848 सीसीची, 34 अश्वशक्तीची मिनी.

काढून घेतलेलं परत मागितलं जॉन कूपर यांनी. रेसच्या गाड्या बांधणारा हा माणूस. 1959 आणि 1960 ची फॉर्म्युला वन अजिंक्यपदं त्यांच्याच गाड्यांनी जिंकलेली. या गाडीची वळणावरची पकड त्यांनी ओळखली. इसिगोनिस राजी नव्हते, त्यांनी गाडी सर्वसामान्यांसाठी केली होती. अखेर कंपनीचे प्रमुख जॉर्ज हॅरिमन यांनी होकार दिला आणि 1961 मध्ये मिनी कूपर आली.

बाहेरून ब्लॉक वाढवायला जागा नव्हतीच. म्हणून सिलिंडर किंचित अरुंद करून पिस्टनची धाव 81 मिलिमीटर केली. झाले 997 सीसी, जोडीला दोन कार्ब्युरेटर, 55 अश्वशक्ती. पण मला या गाडीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती पुढच्या चाकांतली सात इंची डिस्क. ड्रम ब्रेक घाटउतारावर तापले की लायनरची पकड सुटते, पाय दाबूनही गाडी पुढेच जाते. इंजिन वाढवणाऱ्याने ब्रेकचा विचार आधी करायला हवा, आणि तो इथे झाला होता. दहा इंची चाकात ती चकती बसवणं सोपं नव्हतं.

1963 च्या कूपर एसमध्ये उलटी वाट धरली. पिस्टनची धाव 848 वाल्याचीच, 68 मिलिमीटर. सिलिंडर मात्र 70.6 मिलिमीटर रुंद. ते मावावेत म्हणून त्याच ब्लॉकमध्ये टोकाचे दोन सिलिंडर बाहेर सरकवले आणि मधले दोन एकमेकांजवळ आणले. हे 1071 सीसीचं इंजिन घेऊन पॅडी हॉपकर्क यांनी 1964 ची माँटे कार्लो रॅली जिंकली.

त्याच वर्षी 997 ची लांब धाव आणि 1071 ची रुंदी एका इंजिनात आली: 1275 सीसी, 76 अश्वशक्ती. गाडी तीच दहा फुटांची, आणि गिअर अजूनही इंजिनाच्याच तेलात फिरत होते.