प्रवाळांचा इतिहासकार : चार्ली व्हेरॉन

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेल्या ग्रेट बॅरियर रीफचा पूर्णवेळ अभ्यास करणारे पहिले शास्त्रज्ञ म्हणजे जॉन एडवर्ड नॉरवूड व्हेरॉन. जन्म १९४५, सिडनी. शाळेत चार्ल्स डार्विनवरून पडलेले ‘चार्ली’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. गंमत म्हणजे त्यांची डॉक्टरेट कीटकांवरील संशोधनाची. समुद्र त्यांनी पाण्यात बुड्या मारूनच जाणला.

तोवर प्रवाळांच्या जाती ठरत त्या संग्रहालयातील सांगाड्यांवरून. प्रकाश, खोली व लाटांचा मारा यांनुसार एकाच जातीचे रूप पालटते, हे व्हेरॉन यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि जुन्या वर्गीकरणाची फेरमांडणी केली. सागरी प्रवाह बदलले की प्रवाळांच्या जाती परस्परांपासून दुरावतात, पुन्हा मिसळतात. त्यांची उत्क्रांती वृक्षासारखी नसून जाळ्यासारखी आहे, असे त्यांनी १९९५ मध्ये मांडले. डार्विनचे नाव मिरवणाऱ्याने डार्विनच्या वृक्षाला दिलेला हा छेद! २००० मध्ये ‘कोरल्स ऑफ द वर्ल्ड’ हा त्रिखंडी ग्रंथ आला.

१९९८ मध्ये तापलेल्या समुद्रात जगभरचे प्रवाळ पांढरे पडले. उष्णतेने प्रवाळ आपल्यातील अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले गमावतात व उपाशी राहतात. जीवाश्मांचा इतिहास ठाऊक असल्याने व्हेरॉन यांना त्यात निराळाच धोका दिसला : प्राचीन महाविनाशांनंतर प्रवाळभित्ती पुन्हा उभ्या राहण्यास लक्षावधी वर्षे लागली होती. २००८ च्या ‘अ रीफ इन टाइम’मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लधर्मी होणाऱ्या समुद्राचा इशारा दिला. २०१६ व २०२४ मध्ये ग्रेट बॅरियर रीफ पुन्हा मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. आयुष्यभर जाती नोंदवणारे व्हेरॉन उतारवयात जिवंत प्रवाळांचे नमुने मत्स्यालयात जतन करण्याच्या उपक्रमाशी जोडले गेले.