वाशिमचा काळा पाषाण व त्याच्या वयाचा वाद

वाशिम जिल्ह्याच्या इतिहासाचा आरंभ बहुधा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेपासून करण्यात येतो. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिम येथे उपलब्ध झाला, म. म. वा. वि. मिराशी यांच्या संशोधनाने ही शाखा इतिहासात स्थिर झाली. आणि याच शाखेतील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले हे तेथील शिलालेखावरून सर्वश्रुत आहे. परंतु वराहदेवाच्या कारागिरांनी ज्या पाषाणावर छिन्नी चालविली, त्याच जातीचा पाषाण वाशिमच्या शेतांखाली व विहिरींच्या तळाशी पसरलेला आहे, आणि त्यालाही स्वतःचा इतिहास आहे. हा पाषाण पृथ्वीच्या कोणत्या युगात निर्माण झाला, या प्रश्नावर सुमारे दीडशे वर्षे वाद चालला. त्या वादातील पुराव्याचा मोठा भाग विदर्भातून व त्याच्या सीमेलगतच्या प्रदेशातून मिळालेला असल्यामुळे त्याचे विवेचन येथे करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

जुन्या वऱ्हाडाचे पायनघाट व बालाघाट असे दोन भाग मानीत. त्यांपैकी बालाघाटाच्या पठारावर हा जिल्हा वसला आहे. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यापासून तो वेगळा झाला. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळते व तिचे पाणी तापीवाटे पश्चिम समुद्रास जाते. उलट अडाण व अरुणावती या नद्या, तसेच दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा, आपले पाणी गोदावरीच्या खोऱ्यात नेतात. विहीर खणताना प्रथम काळी माती, मग मुरूम, त्याखाली घट्ट काळा पाषाण असा क्रम लागतो, आणि दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा एक पातळ थर आढळतो. हा तांबडा थर म्हणजे जुन्या लाव्हारसाचा कुजलेला पृष्ठभाग होय. एक प्रवाह निवला, त्यावर ऊनपाऊस पडून माती झाली, आणि मग दुसऱ्या प्रवाहाने ती माती झाकून टाकली. अशा थरावर थर चढलेल्या प्रवाहांमुळे डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच या खडकास ‘ट्रॅप’ हे नाव पडले. आज दक्षिण ट्रॅपचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिम घाटात त्याची जाडी दोन हजार मीटरांहून अधिक भरते, तर पूर्वेस नागपूरकडे तो पातळ होत होत संपतो.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, हा सर्व लाव्हा तेथील ज्वालामुखीच्या मुखातून बाहेर पडला. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने झालेले आहे आणि तेही ट्रॅप तयार होऊन कोट्यवधी वर्षे लोटल्यानंतर. दक्षिण ट्रॅपचा लाव्हा शंकूच्या आकाराच्या पर्वतातून उसळला नाही, तर भूपृष्ठास पडलेल्या लांबच लांब भेगांतून पसरला.

पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. उल्कापाषाणांतील शिशाच्या मोजणीवरून पॅटर्सन याने १९५६ मध्ये जवळजवळ हाच आकडा काढला होता. त्या मानाने वाशिमचा पाषाण अगदीच अर्वाचीन म्हटला पाहिजे. त्याच्या आधीच्या युगांची साक्ष पाहावयाची असेल तर पैनगंगेच्या प्रवाहाबरोबर खाली उतरावे लागते. वणी-राजुऱ्याच्या बाजूस ट्रॅपचे आवरण विरते आणि जुने खडक उघडे पडतात. त्यांतील चुनखडकांना भूवैज्ञानिकांनी पैनगंगेचेच नाव दिले आहे. आज सिमेंटच्या कारखान्यांना दगड पुरविणारे हे खडक जेव्हा समुद्रतळाशी साचले, तेव्हा कवचधारी प्राणी अस्तित्वात आलेले नव्हते. त्यांहूनही प्राचीन असे आद्य महाकल्पातील पट्टिताश्म भंडारा-गडचिरोलीकडे आहेत. वणीचा दगडी कोळसा पुराजीव महाकल्पाच्या अखेरचा, म्हणजे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका ही भूखंडे गोंडवनभूमीत एकत्र असतानाचा. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे सापडलेल्या, चपट्या डोक्याच्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीला ओएनने १८५५ च्या सुमारास ‘ब्रॅकिऑप्स’ हे नाव दिले. तो प्राणी मध्यजीव महाकल्पाच्या पहिल्या भागातला. पैनगंगा वर्धेस, वर्धा वैनगंगेस मिळून झालेल्या प्राणहितेच्या काठी सिरोंच्याजवळ कोटा हे गाव आहे; तेथील थरांतून जुरासिक काळातील मासे मिळाले. अशा रीतीने एका नदीच्या मार्गावर पृथ्वीच्या इतिहासाची बहुतेक सर्व प्रकरणे हाती लागतात. वाशिमला त्यांपैकी एकच प्रकरण लाभले आहे, आणि नेमक्या त्याच प्रकरणाचा काळ वादग्रस्त ठरला.

वादाचे कारण उघड आहे. तप्त लाव्हारसात जीवाश्म टिकत नाहीत. त्यामुळे ज्या साधनाने एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्र खडकांचा काळ ठरवीत असे ते साधनच येथे उपलब्ध नव्हते. मात्र दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात ट्रॅपच्या पृष्ठभागावर तळी साचत, त्यांच्या काठी झाडे वाढत, आणि पुढच्या प्रवाहाखाली तो गाळ गाडला जाई. यांनाच अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. एप्रिल १८२३ मध्ये व्हॉयसी याला गाविलगडच्या डोंगरात अश्मीभूत शंख आढळले. वऱ्हाडाच्या भूमीतील हा पहिला महत्त्वाचा साक्षीदार होय. पुढे माल्कमसनच्या १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशाच गोड्या पाण्यातील शंखाला ‘फायसा प्रिन्सेपी’ असे नाव मिळाले.

तथापि या साक्षीदारांची पद्धतशीर उलटतपासणी केली ती स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या नागपुरातील दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आला. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना अंतरा-ट्रॅपी थरांत शंख सापडले. मग फळे, बिया, लाकूड व कीटक यांचा मोठाच संग्रह झाला. १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात त्यांचा निबंध आला, आणि १८६० मध्ये हिस्लॉपने आणखी एका निबंधात हे थर तृतीय कल्पातील, म्हणजे नवजीव महाकल्पाच्या आरंभीचे, असा निर्णय दिला. यानंतर तीनच वर्षांनी टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना नदीत बुडून त्याचा अंत झाला. व्यवसायाने धर्मोपदेशक असलेल्या या गृहस्थाने फावल्या वेळात केलेले हे काम आजही भूशास्त्रज्ञांना डावलता येत नाही. मात्र त्याच्या निर्णयातील एक दुर्बळ दुवा दृष्टीआड करता येत नाही. नागपूरच्या तळ्यातील फळांची तुलना इंग्लंडातील फळांशी करून त्याने काळ ठरविला होता. आणि जो भूखंड त्या काळी सर्व बाजूंनी समुद्राने वेढलेला होता, त्याच्यावरील जीवसृष्टीला युरोपचे पंचांग तंतोतंत लागू पडेल असे मानण्यास आधार नव्हता. अर्थात भारत एकाकी सरकत आला ही कल्पनाच तेव्हा कोणापुढे नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

ब्लॅनफर्डने वेगळी वाट धरली. त्याने जीवाश्मांपेक्षा थरांच्या क्रमावर भिस्त ठेवली. माळव्यातील बाघ येथे क्रिटेशस काळाचे सागरी थर ट्रॅपच्या खाली आहेत, आणि सुरत-भडोचकडे तृतीय कल्पाचे सागरी थर ट्रॅपच्या झिजलेल्या पृष्ठभागावर बसले आहेत. तेव्हा ट्रॅप या दोहोंच्या मधला, आणि त्याची झीज होण्यास लागलेला काळ जमेस धरता तो क्रिटेशसच्या उत्तरार्धातील असला पाहिजे, हे त्याचे अनुमान होते. १८७९ मध्ये मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांचा भारतीय भूशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हे मत जवळजवळ अधिकृत झाले.

ते मत पुन्हा हलविले बिरबल सहानी यांनी. १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी दक्षिण ट्रॅप क्रिटेशस की तृतीय, असा प्रश्न रोखठोक उपस्थित केला, आणि १९४० मध्ये मद्रास येथील भारतीय विज्ञान परिषदेच्या अध्यक्षपदावरून ट्रॅप ही तृतीय कल्पातील घटना होय, असे प्रतिपादिले. त्यांच्या पुराव्यात छिंदवाड्याकडील मोहगाव कलानच्या वनस्पती प्रमुख होत्या. ताडकुळातील वृक्षांची विपुलता, निपा या खारफुटीतील ताडाची फळे, आणि ‘अ‍ॅझोला’ ही पाण्यावर तरंगणारी नेचेवर्गीय वनस्पती यांवर त्यांची मुख्य मदार होती. नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच प्रदेशातील अश्मीभूत फुलांचा अभ्यास करून या कामास मोठा हातभार लावला. गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीच्या अंतरा-ट्रॅपी थरांतील सागरी शैवलेही सहानींच्या बाजूने बोलत होती. १९४९ मध्ये लखनौच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला बसल्यावर अवघ्या आठवड्याने सहानी निवर्तले. परंतु त्यांच्या अधिकाराचा प्रभाव पुढेही दीर्घकाळ टिकला.

या युक्तिवादाला उत्तर मिळाले ते प्राण्यांकडून. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनोसॉरांची हाडे हिस्लॉपच्या काळापासून मिळत आली होती. पण ती ट्रॅपखालच्या लॅमेटा थरांतील असल्यामुळे ट्रॅप त्यांच्यानंतरचा, एवढेच त्यांवरून सिद्ध होई. १९८० नंतरच्या दशकात प्रवाहांच्या मधल्या थरांतूनही डायनोसॉरांचे अवशेष मिळू लागले, म्हणजे लाव्हा वाहत असताना हे प्राणी हयात होते. १९८८ मध्ये आंध्रातील, आता तेलंगणातील, नसकल येथे अंतरा-ट्रॅपी थरांतून उंदराएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात मिळाले. क्रिटेशस काळातील हा भारतातील पहिलाच ज्ञात सस्तन प्राणी. त्याचे नाव ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’ ठेवण्यात आले. विशेष हे की, या शोधनिबंधाचे एक लेखक अशोक सहानी हे बिरबल सहानींचे पुतणे. दरम्यान अ‍ॅझोला व निपा यांचे अवशेष अन्यत्र क्रिटेशस थरांतही आढळल्याने काकांच्या पुराव्याची धार बोथट झालीच होती. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक सहानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिकताकण दाखविले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते ही दृढ समजूत त्यामुळे मोडली, आणि ती मोडणारा पुरावा विदर्भातला होता.

किरणोत्सर्गावर आधारलेल्या कालमापनाने वादाचे स्वरूपच पालटले. जीवाश्मांवरून आधीचे-नंतरचे कळे. आता वर्षांचा आकडा मिळू लागला. १९८६ मध्ये कूर्तिय्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, हा प्रचंड उद्रेक क्रिटेशस व तृतीय यांच्या सीमारेषेभोवती अल्पावधीत घडला. ही सीमारेषा आज सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची मानतात. डायनोसॉर नष्ट झाले ते याच वेळी. त्यापूर्वी १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्रांनी अशनिपाताचा सिद्धांत मांडला होता व १९९१ मध्ये मेक्सिकोतील चिक्शुलूबचे विवर त्याच्याशी जोडले गेले. साहजिकच दख्खनचा लाव्हा दुसरा आरोपी म्हणून उभा राहिला. २०१५ मध्ये शोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिर्कॉनच्या स्फटिकांवरून दाखविले की, मुख्य उद्रेक सीमारेषेच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू होऊन एकूण साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला.

हे मान्य केले म्हणजे हिस्लॉप-ब्लॅनफर्ड-सहानी वादाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ट्रॅप क्रिटेशस की तृतीय, हा प्रश्नच मुळात चुकीच्या रीतीने विचारला गेला होता. ज्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे अशी पृच्छा चालली होती, ती रेषा खडकाच्या बाहेर नसून त्याच्या थरांमधूनच गेलेली आहे. २००८ मध्ये गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी राजमहेंद्रीच्या अंतरा-ट्रॅपी थरांत तृतीय कल्पाच्या अगदी आरंभीचे सूक्ष्म सागरी जीव दाखविले. लगेच पुढच्या वर्षी छिंदवाड्यातील झिलमिली येथेही तेच आढळले. त्या स्थळांपुरते हिस्लॉप व सहानी बरोबर होते, नसकल-पिसदुऱ्यापुरते ब्लॅनफर्ड. कोणा एकाला विजयी ठरविण्याची सवय अभ्यासकांनी येथे सोडावी हे बरे.

लाव्हाचा कोणता भाग अशनिपातापूर्वी वाहिला व कोणता नंतर, यावर मात्र मतभेद आहेच. २०१९ मध्ये एकाच नियतकालिकात दोन निबंध शेजारी-शेजारी छापले गेले. शोन यांच्या गटाने उद्रेकाचे चार जोरदार टप्पे सांगून त्यांपैकी एक अशनिपाताच्या किंचित आधीचा मानला. स्प्रेन यांच्या गटाच्या हिशेबाने लाव्हाचा बराच मोठा भाग त्यानंतरचा. दोन्ही गटांनी मोजलेले नमुने मुख्यतः पश्चिम घाटातील उंच कड्यांवरचे आहेत. पठाराच्या पूर्वेकडील प्रवाहांची त्यांच्याशी सांगड रासायनिक घटक व चुंबकीय दिशा पाहून घालावी लागते. वाशिमच्या विहिरीत दिसणारा एखादा काळा थर डायनोसॉरांच्या पायांखाली होता की त्यांच्या अस्तानंतर पसरला, हे त्या सांगडीवर अवलंबून आहे.