मुका पडदा, मुकी माणसे

१९२० सालचे पहिले तीन महिने एकत्र ठेवून वाचले पाहिजेत, असे मला वाटते. ३१ जानेवारीला मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. फेब्रुवारीत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' पुण्यात झळकला. २१ व २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावी परिषद भरली आणि महाराजांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले. सिनेमा मुका होता, आणि ज्यांना मुके ठेवले गेले होते ते बोलू लागले होते. या दोन गोष्टींची गाठ मात्र पुढे कित्येक दशके पडली नाही. का पडली नाही, हा माझा प्रश्न आहे.

मी कोल्हापुरात शिकवतो. घरात पदवी घेणारा पहिला. माझी आजी जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या मागच्या बाजूला बसून सिनेमा पाही, कारण तिकडचे तिकीट स्वस्त. नायक तलवार डाव्या हातातच धरतात, असे ती बरीच वर्षे समजत होती! सिनेमा सांगून झाला की ती एवढेच म्हणे, "त्यात आपलं माणूस कोण न्हवतं." आमच्या चित्रपट-समीक्षेला हे वाक्य फार उशिरा सुचले.

'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, हे धाडस म्हणून नेहमी सांगितले जाते. त्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या, हे सांगताना कोणी थांबत नाही. कंपनीला तानीबाई कागलकर या गायिकेचे पैसे लागले होते. बाईचा पैसा चालला, बाईचा चेहरा चालला. नाव तेवढे बदलून घ्यावे लागले. पडद्यावर कोणी कोणत्या नावाने यायचे, हे इथल्या संस्कृतीने पहिल्याच रिळात ठरवून टाकले.

पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' त्या काळात खरोखर मोठी झेप होता. देवादिकांना सोडून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आला. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. त्यातला संघर्ष कागदाचा आहे. ज्याला वाचता येते तो लिहितो, ज्याला येत नाही त्याची जमीन जाते. हे फुल्यांच्या विचाराच्या जवळचे आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण गमवायला ज्याच्याजवळ जमीनच नव्हती, त्याचे भांडण कोणाशी? तो या चौकटीत मावला नाही.

याहून बोलके उदाहरण 'धर्मात्मा'चे. कोल्हापुरात १९२९ साली जन्मून १९३३ साली पुण्यास गेलेल्या 'प्रभात'ने १९३५ साली तो काढला. बालगंधर्व त्यात एकनाथ झाले. आधीचे नाव 'महात्मा' होते, ते सेन्सॉरने बदलायला लावले. अस्पृश्याच्या घरी जेवणारा ब्राह्मण संत दाखवणे त्या काळी सोपे नव्हते, हे मान्य. तरीही त्यातला वाद नीट पाहावा. भांडण ब्राह्मणाचे ब्राह्मणाशी आहे. महार हा त्या भांडणाचा विषय आहे, पक्ष नाही. त्याने भक्ती करायची आणि कृतज्ञतेने हात जोडायचे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेब सांगत होते की, मी हिंदू म्हणून मरणार नाही. स्टुडिओतला अस्पृश्य स्वीकाराची वाट पाहत होता आणि येवल्यातला नकार देऊन मोकळा झाला होता.

तमाशापटांविषयी थोडक्यात. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'त पाटलाचे पाप चावडीत सांगता येत नाही म्हणून ते वगात सांगितले जाते. आमच्या लोकांची ही जुनी रीत. पण ज्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी फड जगवला, त्यांच्या जातीचा उच्चार त्या लाटेत क्वचितच झाला. ढोलकी घेतली, ढोलकीवाला बाहेर ठेवला.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) ही रचना मोडली. त्यातले कैकाडी कुटुंब घरात कैकाडी बोलते आणि गावापुढे मराठी. शीर्षकही कैकाडीच, अर्थ डुक्कर. मराठी प्रेक्षकाला शीर्षकाचा अर्थ विचारावा लागला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. एक शब्दही न बोलता नागरिकत्व आणि जात समोरासमोर येतात. शेवटी जब्याचा दगड येतो तो आपल्याच दिशेने. विषय होता तो पक्ष झाला.

'सैराट' २०१६ च्या एप्रिलअखेर आला. झिंगाटवर लोक पडद्यापुढे नाचले. तेच लोक शेवटी उठता उठत नव्हते. रक्तात भरलेली लहान पावले घराबाहेर पडतात आणि आवाज पूर्ण बंद असतो. सुमारे पंच्याऐंशी वर्षांच्या बोलपटाला तिथे पुन्हा मुके व्हावे लागले.

वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या थेटरात तेव्हा एकजण वराडला, साऊंड लाव म्हणून. मग त्याच्या शेजारच्यानं त्याचा हात धरून खाली बसवला."