कोयत्याची मूठ : अष्टागरातील एका हत्याराचा शब्देतिहास

हत्यारांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष प्रायः पात्याकडे जाते. लोखंड गंजले तरी मातीत काही शिल्लक ठेवते. लाकडी मूठ मात्र कोकणच्या दमट भूमीत लवकरच नाहीशी होते. तेव्हा मुठीचा इतिहास उत्खननात फारसा हाती लागावयाचा नाही. तो लागलाच तर भाषेत लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. किहीमच्या वाड्यांतील कोयता हे त्याचे सोयीचे उदाहरण होय.

किहीम हे अष्टागरातील गाव. समुद्राकाठी सुरूची झाडे आणि त्यांच्या आत नारळी-पोफळीची आगरे. झावळी तोडणे, शहाळे फोडणे, कुंपणाची काठी तासणे ही सर्व कामे कोयत्याची. हा शब्द संस्कृतातून आलेला दिसत नाही. कन्नड 'कोय्यु' व तमिळ 'कोय्' या धातूंचा अर्थ कापणे, खुडणे असा आहे. मलयाळम भाषेत पिकाच्या कापणीस 'कोय्त्तु' म्हणतात. 'कोयता' याच कुळातील मानावा लागतो.

पात्यास कठीणपणा आणण्याची क्रिया मात्र वेगळ्या वाटेने आली आहे. लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवितो, त्यास आपण 'पाणी देणे' म्हणतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, शस्त्रांची 'पायना' सांगितली आहे. ती क्षार, उदक व तैल अशी त्रिविध. पायना म्हणजे पाजणे. मराठीतील 'पाजवणे' हे क्रियापद याच कल्पनेचे आहे. पण आज त्याचा रूढ अर्थ धार लावणे एवढाच उरला. भट्टीपाशी लोहार करीत असे ती क्रिया आणि सहाणेवर धनी करतो ती क्रिया, या दोहोंना एकच शब्द लागू झाला. ('शस्त्रे पाजळणे' यातील पाजळणे निराळे, त्याचे मूळ 'प्रज्वल'. दोन्हींची गल्लत वारंवार होते.)

आता मूठ. खड्गाच्या मुठीस संस्कृतात 'त्सरु' असा स्वतंत्र शब्द होता, आणि अमरकोशाने त्याचा अर्थ सांगताना 'मुष्टि' शब्दच वापरला. मराठीत त्सरु टिकला नाही; मुष्टि 'मूठ' होऊन राहिली. मिटलेला हात आणि त्याने धरावयाची वस्तू यांचे नाव एकच. कुऱ्हाडीला, कुदळीला दांडा असतो. कोयत्याला, विळ्याला मूठ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मुठीवर रचता आली नसती! दांडा झाडाचा अवयव वाटतो, मूठ माणसाचा. हा भेद बोलणारा सहसा चुकत नाही, आणि कोशकारांपेक्षा त्याची साक्ष मला अधिक मोलाची वाटते.

मुठीचे माप म्हणूनच धन्याच्या पंजावरून ठरते. बलुत्याच्या व्यवस्थेत लोखंड व लाकूड बहुधा कुणब्याने आणावयाचे, लोहार-सुताराने घडवावयाचे. लाकडाची निवड त्यामुळे वापरणाऱ्याकडे राही. आंब्याचे लाकूड या कामी कुचकामी. खैर, शिसव टिकाऊ, पण जड. धामणीचे लाकूड चिवट व लवचीक. घाव बसताच येणारा हादरा ते सोसते. तिचे संस्कृत नाव 'धन्वन' असून त्यात धनुष्याचा अर्थ आहे, म्हणजे हा गुण फार पूर्वी ओळखला गेला होता. लाकूड पुरते वाळलेले हवे. ओले बसविले तर उन्हाळ्यात आकसून पाते खुळखुळते. किहीमला दुसरी अडचण खाऱ्या वाऱ्याची. पात्याचे निमुळते शेपूट मुठीच्या आत गंजते, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापीत असल्याने लाकूड आतून तडकते. म्हणून तोंडाशी कडे ठोकून भोकात लाख भरतात.

सांबरशिंगाच्याही मुठी असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला. पाती आता पुष्कळदा मोटारीच्या जुन्या स्प्रिंगपाट्यांची निघतात. त्या पोलादाला मराठीत 'तिखे' असाही एक जुना शब्द आहे, 'तीक्ष्ण' वरून आलेला. विद्यार्थ्यांनी तो वाड्यांतून व लोहारांच्या शाळांतून अजून ऐकू येतो का, हे याच वर्षी पाहावे.