वाट अडवली की नाही?

मैत्रिणींनो, सॉफ्टबॉल आता आपल्या शाळांतल्या मुलीही खेळतात. हा खेळ सुरू झाला 1887 साली, शिकागोच्या एका बोट क्लबात. फुटबॉलच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला, झाडूचा दांडा झाला बॅट! 1895 मध्ये तिथल्या एका शाळेत मुलींचा संघ उभा राहिला. ऑलिंपिकमध्ये जायला मात्र 1996 उजाडलं.

पंचबाईंची खरी कसोटी लागते ती धावणारीची वाट कुणी अडवली तेव्हा. अडवणारीच्या हातात चेंडू नाही, ती मारलेला चेंडूही अडवत नाही, तर तो अडथळा. धक्का लागायलाच हवा असं नाही; धावणारीला वेग कमी करावा लागला, वळसा घ्यावा लागला, तरी पुरे. मुद्दाम केलं का, हेही विचारायचं नाही.

पूर्वी अमेरिकेतल्या नियमांत चेंडू ‘येतोच आहे’ म्हणून वाट रोखता येई. येतोच म्हणजे किती जवळ? यावरच भांडणं! पुढे ते शब्द काढले, चेंडू हातात हवा असं ठरलं. बरंच झालं म्हणायचं.

पंच डावा हात आडवा धरतात, खेळ मात्र थांबवत नाहीत. मग, अडवलं नसतं तर ती कुठवर पोचली असती ते ठरवून तो बेस तिला देतात.