जुनी होडी, ठरलेली किंमत आणि घसाऱ्याचा भ्रम

भंडारदऱ्याचा जलाशय घ्या, राहुरीजवळचे मुळा धरण घ्या, नाहीतर जायकवाडीच्या फुगवट्याला लागलेला नेवासे-शेवगावचा काठ घ्या. हौसेची जुनी होडी बाळगणाऱ्याने विम्याचा विषय काढला की जाणकार म्हणवणारे एकच सल्ला देतात : कायद्याला हवा तेवढा, दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा उतरवा, स्वतःच्या होडीची किंमत अगदी कमी लावा, आणि ‘ॲग्रीड व्हॅल्यू’च्या, म्हणजे विमा घेतानाच दोन्ही पक्षांनी किंमत ठरवून लिहून घेण्याच्या, भानगडीत पडू नका.

हे मत टाकाऊ नाही. ते पुरते ऐकून घेऊ. त्याचे म्हणणे असे की, होडी ही गाडीसारखीच झिजणारी वस्तू; वीस वर्षांनंतर तिच्यात उरते काय? विमा नुकसान भरून देण्यासाठी असतो, नफा मिळवून देण्यासाठी नव्हे. मग बाजारभावापेक्षा जास्त रक्कम आधीच लिहून घेणे म्हणजे एक प्रकारचा जुगार. शिवाय दाव्याच्या वेळी सर्व्हेअर घसारा कापणारच, तेव्हा जास्त किमतीवर भरलेला हप्ता पाण्यात. आणि हे सगळे सागरी विम्याचे नियम. धरणाच्या गोड्या पाण्याला ते कुठले लागू?

गाडीपासूनच सुरुवात करू, कारण या मताचा सारा भार गाडीवर आहे. 2002च्या मोटार विमा टॅरिफमध्ये घसाऱ्याचा जो तक्ता आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत 5 टक्क्यांपासून चौथ्या-पाचव्या वर्षाच्या 50 टक्क्यांपर्यंत पायऱ्या आहेत. त्यापुढे काय? पुढे तक्ताच नाही. पाच वर्षांवरील गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावी, असे ते टॅरिफच सांगते. एरवी ॲग्रीड व्हॅल्यूची पॉलिसी देऊ नये, असे बजावणाऱ्या त्याच टॅरिफने 31 डिसेंबर 1940पूर्वी बनलेल्या आणि तसे प्रमाणपत्र असलेल्या व्हिंटेज मोटारींना मात्र ती मुभा दिली. ज्यांचा दाखला देऊन जुन्या होडीला घसारा लावायचा, त्या गाड्यांच्या नियमांतही खरोखर जुन्या वाहनापाशी पोचल्यावर तक्ता मिटवला जातो. असे का केले असेल?

कारण साधे आहे. बाजारभाव ठरायला बाजार लागतो. पाच वर्षांच्या मोटारीचा भाव नगरच्या कुठल्याही एजंटाला विचारा, तो उभ्याउभ्या सांगेल. पंचवीस वर्षांच्या फायबरच्या शिडाच्या होडीचा भाव अकोले तालुक्यात कोण सांगणार? तशी दुसरी होडी तालुक्यात विकायला आलेली कुणी पाहिली आहे? वय तर मुळीच सांगत नाही. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे सागरी किडे नसतात, हे खरे. पण डेकवर साचलेले पावसाचे पाणी लाकूड कुजवते. फायबरच्या तळाचे उलटे आहे. त्यात पाणी मुरून फोड येण्याचा त्रास खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक. एकाच वर्षी बांधलेल्या दोन होड्यांपैकी एक पावसाळ्यात बाहेर काढून शेडखाली ठेवलेली आणि दुसरी बारमाही पाण्यात सोडलेली असेल, तर त्यांची किंमत एक धरायची? ती ठरते तळ उघडा पाडून, हातोडीने ठोकून, ओलावा मोजून, इंजिनचे तास वाचून. हे सगळे होडी शाबूत असताना करता येते. बुडाल्यावर करता येत नाही.

आता जुगाराचा आक्षेप. तो नवा नाही. 1761 साली लंडनच्या न्यायालयात लुईस विरुद्ध रकर या दाव्यात लॉर्ड मॅन्सफील्डपुढे तो आला होता. वाद साखरेच्या मालाचा होता, म्हणजे नगरकरांना अगदीच परका नव्हे. मॅन्सफील्डचा निर्णय असा की, किंमत ठरवलेली पॉलिसी म्हणजे पैज नव्हे. खटला उभा राहिल्यावर जी किंमत पुराव्याने सिद्ध करावी लागली असती, ती दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केली, एवढाच तिचा अर्थ. हाच विचार आपल्या 1963च्या सागरी विमा कायद्याच्या कलम 29मध्ये उतरला आहे. लबाडी नसेल तर ठरलेली किंमत दोन्ही पक्षांवर बंधनकारक, मग नुकसान पूर्ण असो वा अंशतः. लबाडी मात्र खपत नाही. किंमत अवाच्या सवा फुगवली आणि ते लपवले, तर पॉलिसीच रद्द होऊ शकते, हे इंग्लंडमध्ये 1874च्या आयोनिडीस विरुद्ध पेंडर खटल्यात ठरले.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, किंमत न ठरवलेल्या पॉलिसीतही कायदा नुकसानीच्या दिवसाकडे पाहत नाही. कलम 18 जहाजाचे विमामूल्य धोका सुरू होण्याच्या वेळचे धरते. मग ‘शेवटी सर्व्हेअर ठरवेल तेच’ या वाक्याला आधार कुठला? सर्व्हेअर नुकसान मोजतो. मान्य केलेली किंमत पुन्हा मोजण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

पॉलिसीवर नुसती ‘विमा रक्कम’ छापलेली असेल, तर ती ठरलेली किंमत होत नाही. ती फक्त वरची मर्यादा. सर्व्हेअरने किंमत कापल्याच्या तक्रारी अशाच पॉलिसींतून येत असाव्यात, असा मला दाट संशय आहे. दोष ॲग्रीड व्हॅल्यूचा नव्हे. ती तिथे नव्हतीच.

कमी किमतीने हप्ता वाचतो, हे मला मान्य आहे. पण वाचवून मिळते काय? चार लाखांच्या होडीची किंमत दोन लाख लिहिली आणि खडकावर आपटून दुरुस्तीचा खर्च सव्वादोन लाख आला, तर कंपनी दोन लाखांवर थांबणार. वर होडी पूर्ण गेल्याचे धरून उरलेला सांगाडाही मागू शकते. किंमत चार लाख असती, तर पॉलिसीतील ठरावीक कपात वगळून दुरुस्ती झाली असती आणि होडी घरी आली असती. हानी पूर्ण मानायची की नाही हे ठरवताना ठरलेली किंमत आपोआप निर्णायक नसते, ही कायद्यातली पुस्ती इथे ध्यानात ठेवावी. पॉलिसीत तसे कलम मुद्दाम घालून घ्यावे लागते. बाल्मोरल या जहाजाची कथाही ऐकण्याजोगी आहे. जहाजाची खरी किंमत 40,000 पौंड, पॉलिसीत लिहिलेली 33,000. संकटातून केलेल्या सुटकेच्या (सॅल्व्हेजच्या) खर्चातला जहाजाचा वाटा खऱ्या किमतीवर आकारला गेला; विमा कंपनीने मात्र 33/40 एवढाच हिस्सा द्यावा, असे 1902 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले. उरलेला भार मालकाच्या बोडक्यावर. कमी किंमत लिहिणारा मालक तेवढ्या भागापुरता स्वतःचाच विमा कंपनी होतो.

गोड्या पाण्याचा आक्षेप झटकन निकालात निघतो. 1963च्या सागरी विमा कायद्याचेच कलम 4 म्हणते की, सागरी सफरीशी साम्य असलेल्या उपक्रमाला सागरी नमुन्याची पॉलिसी दिली असेल, तर हा कायदा शक्य तिथवर लागू. आणि 2021चा अंतर्देशीय जलयान कायदा यांत्रिक नौकांना दुसऱ्याच्या नुकसानीचा जो विमा सक्तीचा करतो, त्यातून आपलीच बुडालेली होडी वर येत नाही.

ॲग्रीड व्हॅल्यू सर्वशक्तिमान आहे, असे मी म्हणत नाही. रोजची झीज ती भरून देत नाही. नौकांसाठीच्या 1985च्या इन्स्टिट्यूट क्लॉजेस या छापील विमा-अटींमध्ये शिडे, आच्छादने आणि आउटबोर्ड इंजिन यांवर नव्या-जुन्याचा फरक म्हणून एक-तृतीयांशापर्यंत कपातीची मुभा आहे. पण पाहा, ही कपात नावे घेऊन मोजक्या वस्तूंपुरती आहे. सरसकट घसारा गृहीतच असता, तर ही यादी करण्याची गरज कुणाला पडली असती?